वाचलेल्या ग्रंथांची वही

एखाद्या भाषेत किती ग्रंथ छापले गेले याचा हिशेब ठेवण्याची व्यवस्था आपल्याकडे बरीच जुनी आहे. १८६७ च्या कायद्याने मुद्रित पुस्तकांची नोंद सरकारदरबारी होऊ लागली आणि इलाख्या-इलाख्यांतून निघणाऱ्या त्रैमासिक याद्यांत ग्रंथनाम, कर्ता, पृष्ठसंख्या, प्रतींची संख्या, किंमत असे रकाने पडले. न्यायमूर्ती रानडे यांनी १८९८ मध्ये मराठी वाङ्मयाच्या वाढीचा आढावा घेतला तो अशाच नोंदींच्या आधाराने. पुढे शंकर गणेश दाते यांनी विलक्षण चिकाटीने 'मराठी ग्रंथसूची' सिद्ध केली. १८०० ते १९३७ आणि १९३८ ते १९५० या कालखंडांचे तिचे दोन खंड आजही अभ्यासकाच्या हाताशी असावे लागतात. मराठीत काय छापले गेले हे त्यामुळे आपण पुष्कळ खात्रीने सांगू शकतो. मराठी माणसाने काय वाचले, केव्हा वाचले आणि कोणत्या पुस्तकानंतर कोणते वाचले, हे मात्र सांगता येत नाही. साहित्यव्यवहाराच्या या अर्ध्या भागाची दप्तरे अस्तित्वातच नाहीत असे नव्हे. ती घराघरांतून विखुरलेली आहेत आणि त्यांना दप्तर म्हणावे असे कोणाला वाटलेले नाही.

वर्षभरात वाचलेल्या पुस्तकांची नोंद करण्याची सवय अनेकांना असते. कोणी डायरीच्या शेवटच्या कोऱ्या पानांवर नावे लिहितो, कोणी शाळकरी चौकटीच्या वहीत तारखा घालतो. या नोंदीला वाङ्मयीन मूल्य नाही, आणि तसा दावा येथे करावयाचा नाही. वाचकाच्या हातून होणाऱ्या लेखनाचे इतर प्रकार तिच्याहून कितीतरी समृद्ध असतात. टिपणवहीत उतारे असतात, म्हणजे वाचकाला काय मोलाचे वाटले ते असते. रोजनिशीत प्रतिक्रिया असते. ग्रंथाच्या समासात वाद असतो. नुसत्या यादीत यांपैकी काहीच नसते. एक नाव, एक तारीख, फार तर एखादा शेरा. परंतु तिचे हे दारिद्र्यच समीक्षकाच्या कामाचे आहे. टिपणवही आणि रोजनिशी ही दोन्ही निवड करतात, आणि निवडीत वाचकाची स्वतःविषयीची कल्पना मिसळलेली असते. प्रामाणिकपणे ठेवलेली यादी तशी निवड करीत नाही. जे विसरले जाणार आहे तेही ती लिहून ठेवते.

या विधानाची परीक्षा घेण्यासाठी चार्ल्स डार्विन याच्या वाचनवह्यांइतके चांगले उदाहरण दुसरे नसेल. १८३८ पासून १८६० पर्यंत, म्हणजे वयाच्या एकोणतिसाव्या वर्षापासून 'ओरिजिन ऑफ स्पीशीज'च्या प्रकाशनानंतरच्या वर्षापर्यंत, डार्विनने वाचनाच्या नोंदी ठेवल्या. वाचावयाची पुस्तके वेगळी, वाचलेली वेगळी. वाचलेल्यांत पुढे शास्त्रीय ग्रंथ आणि इतर ग्रंथ अशीही विभागणी. काही नावांपुढे एखाददुसरा शब्द आहे, आणि कित्येक ठिकाणी तो शब्द 'चाळले' या अर्थाचा आहे. हा शब्द मला विशेष महत्त्वाचा वाटतो. न वाचलेले पुस्तक वाचले म्हणून मांडण्याचा मोह या वहीला नाही, कारण ती कोणाला दाखविण्यासाठी नव्हतीच.

आता हाच डार्विन १८७६ मध्ये, सदुसष्टाव्या वर्षी, आत्मचरित्र लिहावयास बसतो. मॅल्थसचा लोकसंख्येवरील निबंध आपण १८३८ च्या ऑक्टोबरमध्ये करमणुकीखातर वाचला आणि त्यातून नैसर्गिक निवडीचे सूत्र हाती आले, असे तो तेथे सांगतो. ही हकीकत शाळेच्या पाठ्यपुस्तकांपर्यंत पोहोचली आहे. परंतु त्या काळातील त्याच्या टिपणवहीत मॅल्थसविषयीची नोंद २८ सप्टेंबर १८३८ ची आहे. चार दिवसांचा हा फरक क्षुल्लक आहे. अडतीस वर्षांनंतर कोणाचीही स्मृती एवढी चुकेल. क्षुल्लक नाही तो 'करमणुकीखातर' हा शब्द. त्याच उन्हाळ्यात, ऑगस्टमध्ये, त्याने कोंतच्या तत्त्वज्ञानावरील परीक्षण वाचले होते; मनुष्यस्वभाव, नीती, मनोव्यापार यांविषयीची टिपणे तो झपाटल्यासारखी करीत होता. या शेजारात मॅल्थस ठेवला की तो सहज हाती लागलेला ग्रंथ वाटत नाही. ज्या दिशेने वाचन सरकत होते तिच्या वाटेवरच तो होता. आत्मचरित्रकाराने योगायोग पाहिला, नोंदीत क्रम दिसतो. यांपैकी खरे कोणते, असा प्रश्न विचारणे मात्र भाबडेपणाचे होईल. डार्विनला तो क्षण योगायोगाचा वाटला हेही एक सत्यच आहे, आणि ते फक्त आत्मचरित्रच सांगू शकते.

तीच गोष्ट कवितेची. तिशीपर्यंत मिल्टन, वर्डस्वर्थ, शेली यांत आनंद वाटत असे, आता कवितेची ओळ सहन होत नाही, शेक्सपिअर तर कमालीचा कंटाळवाणा वाटतो, अशी खंत डार्विनने त्याच आत्मचरित्रात व्यक्त केली आहे. पुन्हा जगावयास मिळाले तर आठवड्यातून एकदा तरी कविता वाचण्याचा नियम करीन, असेही तो म्हणतो. शास्त्राने रसिकता मारली, याचा पुरावा म्हणून हा परिच्छेद वारंवार पुढे केला जातो. मात्र 'इतर ग्रंथ' या सदरातील नोंदी पाहिल्या म्हणजे ललित व चरित्रपर वाचन किती सातत्याने चालू होते ते कळते. प्रवासवर्णने, चरित्रे, कादंबऱ्या यांचा ओघ थांबलेला नाही. आटली ती एक विशिष्ट वाङ्मयप्रकाराची गोडी. वाचनाची भूक नव्हे. आणि वही १८६० मध्ये संपते. त्यापुढच्या सोळा वर्षांत काय घडले याविषयी ती मुकी आहे, हेही अभ्यासकाने विसरता कामा नये. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात या वह्यांतील सहाशेंहून अधिक ग्रंथांच्या संहिता संगणकाच्या साह्याने तपासण्यात आल्या. प्रारंभी जवळच्या विषयात खोल जाणारा हा वाचक पुढे अधिकाधिक दूरच्या विषयांकडे वळत गेला, असा निष्कर्ष त्यातून निघाला. ग्रंथ कोणते एवढेच नव्हे, तर कोणामागून कोणता, हे नोंदलेले होते म्हणून हा अभ्यास शक्य झाला.

डार्विनच्या घरी कादंबऱ्या बहुधा त्याची पत्नी एमा मोठ्याने वाचून दाखवीत असे. मग त्या कोणी वाचल्या? इंग्रजी अभ्यासकाला हा प्रश्न गौण वाटेल, पण मराठी वाचकाने येथे थोडे थांबावयास हवे. 'वाचणे' या आपल्या क्रियापदातच वाचा आहे. चातुर्मासात देवळात पोथी लागते तेव्हा एक वाचतो आणि पन्नास ऐकतात, आणि त्या पन्नासांना आपण ग्रंथापासून वंचित राहिलो असे वाटत नाही. 'गुरुचरित्रा'चे सात दिवसांचे पारायण वर्षानुवर्षे करणारी, 'ज्ञानेश्वरी'चा रोज नेमाने थोडा भाग वाचणारी माणसे आपल्या घरांतून होती आणि आहेत. त्यांनी वर्षाची यादी केली असती तर तिच्यात दरवर्षी एकच नाव आले असते, किंवा बहुधा आलेच नसते. कारण ग्रंथ 'संपला' ही कल्पनाच त्या वाचनाला परकी आहे. पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत एकदा वाचून पुस्तक बाजूला ठेवणारा वाचक हा मुद्रणाने आणि विशेषतः कादंबरीने घडविलेला वाचक होय. वर्षअखेर पुस्तके मोजण्याची सवय त्याची आहे. तिचा उपयोग करताना तिच्या मापात न मावणारे वाचन आपल्या परंपरेत मोठ्या प्रमाणावर होते याचे भान हवे. माझ्या मते कोणत्याही वाचननोंदीतील सर्वांत निरर्थक गोष्ट म्हणजे तिची अखेरची बेरीज.

आपल्याकडे वाचनाच्या नोंदी सर्वांत काटेकोरपणे ठेवल्या गेल्या त्या तुरुंगात, आणि त्याची कारणे उघड आहेत. तेथे पुस्तक परवानगीने येते, मोजून येते आणि वेळही मोजलेला असतो. 'गीतारहस्या'च्या प्रस्तावनेत लोकमान्यांनी मंडालेच्या कारावासातील ग्रंथांविषयी जी माहिती दिली आहे ती या दृष्टीने पुन्हा वाचण्यासारखी आहे. एका वेळी चारच पुस्तके जवळ ठेवण्याचा निर्बंध, त्याविरुद्ध केलेली तक्रार, तो उठल्यानंतर साडेतीनशे-चारशेपर्यंत गेलेली ग्रंथसंख्या, सुटे कागद न देता पृष्ठांक घालून दिलेल्या वह्या, शाईऐवजी शिसपेन्सिल. हा तपशील टिळकांनी सहज म्हणून दिलेला नाही. ग्रंथ कोणत्या साधनांतून उभा राहिला हे वाचकाला कळले पाहिजे, ही पंडिती सचोटी त्यामागे आहे.

यापेक्षा वेगळे आणि अधिक अनपेक्षित असे उदाहरण येरवड्याचे. मार्च १९२२ मध्ये सहा वर्षांची शिक्षा होऊन गांधीजी येरवड्याच्या तुरुंगात आले. १२ जानेवारी १९२४ रोजी पुण्याच्या ससून रुग्णालयात त्यांच्यावर आंत्रपुच्छाची शस्त्रक्रिया झाली आणि ५ फेब्रुवारीला त्यांची मुक्तता झाली. शिक्षेची सहा वर्षे मनात धरून आखलेला वाचनाचा क्रम असा मध्येच तुटला. या जेमतेम दोन वर्षांच्या काळात त्यांनी वाचलेल्या पुस्तकांची संख्या दीडशेच्या आसपास सांगितली जाते. पण संख्येचे मी वर म्हटलेच आहे. पाहण्यासारखी आहेत ती नावे. गिबनचा रोमन साम्राज्याच्या ऱ्हासाचा इतिहास, गुजरातीतून संपूर्ण महाभारत, विल्यम जेम्सचा धर्मानुभवावरील ग्रंथ, बकल, वेल्स, गटेचे 'फाउस्ट', शॉचे 'मॅन अँड सुपरमॅन', आणि किपलिंगची सैनिकी गीते. साम्राज्याच्या कवीची ही गीते साम्राज्याचा कैदी वाचतो आहे आणि वाचल्याचे नोंदवितो आहे.

१९२३ सालची त्यांची तुरुंगातील रोजनिशी त्यांच्या संकलित वाङ्मयात समाविष्ट आहे. अमुक सुरू केले, अमुक संपले, अशा कोरड्या नोंदी तिच्यात पुष्कळ आहेत. सुटकेनंतर १९२४ मध्ये 'यंग इंडिया'तून त्यांनी तुरुंगातील अनुभव लिहिले तेव्हा मात्र या वाचनाला अभिप्रायांचे रूप आले. गिबन आणि महाभारत यांची त्यांनी तेथे तुलना केली आहे आणि घटनांच्या इतिहासापेक्षा महाभारताचे सत्य श्रेष्ठ ठरविले आहे. हा निर्णय सर्वांना मान्य होईल असे नाही. इतिहासाच्या अभ्यासकाला तो अन्यायाचाही वाटेल. परंतु ही तुलना मुळात सुचली कशी, याचे उत्तर त्या कोरड्या नोंदींत आहे. एकाच कोठडीत, एकाच सुमारास हे दोन प्रचंड ग्रंथ खंडाखंडाने वाचले जात होते. दोन्हींत राजकुले नष्ट होतात. ग्रंथालयाच्या कपाटात या दोन ग्रंथांची कधी गाठ पडली नसती.

याहून मोठा विरोध पुढे आहे. १९२५ च्या अखेरीपासून 'नवजीवन'मधून गांधीजींचे आत्मचरित्र प्रसिद्ध होऊ लागले. रस्किनच्या 'अन्टु धिस लास्ट'ची जी प्रसिद्ध हकीकत त्यात आहे, १९०४ मधील जोहान्सबर्ग ते दरबान हा आगगाडीचा प्रवास आणि रात्रभर न लागलेला डोळा, तिच्या प्रारंभीच ते सांगतात की विद्यार्थिदशेत पाठ्यपुस्तकांपलीकडे आपण फारसे वाचले नाही, नंतर कामाच्या व्यापात वेळ मिळाला नाही, त्यामुळे आपले पुस्तकी ज्ञान थोडेच आहे. मात्र जे वाचले ते पचविले. येरवड्यातून सुटून फार वर्षे झालेली नसताना केलेले हे विधान आहे. मग ते खोटे मानावयाचे काय? तसे मला वाटत नाही. गांधीजींच्या लेखी वाचन म्हणजे जीवन बदलविणारे वाचन, आणि तशी पुस्तके खरोखरच थोडी होती. रायचंदभाई, टॉलस्टॉय, रस्किन ही तीन नावे त्यांनी स्वतःच सांगितली आणि त्यांच्या प्रत्येक चरित्रकाराने ती पुढे गिरविली. किपलिंग, शॉ, वेल्स यांना त्या हिशेबात स्थान नाही. वाचले, संपविले, आणि त्यांतील बहुतेकांचा ठसा राहिला नाही. आत्मचरित्र प्रभावांचा हिशेब देते. वाचनाचा हिशेब यादी देते. या दोहोंची सांगड घातल्यावरच वाचक म्हणून गांधीजी कसे होते याची कल्पना येते. नाहीतर आपल्यापुढे तीन पुस्तकांचा मनुष्य उभा राहतो, आणि त्याला कुतूहल नव्हते असा ग्रह होतो. तो चुकीचा आहे.

मराठी समीक्षेला या उदाहरणांपासून घेण्यासारखे काही आहे असे वाटते म्हणूनच हा प्रपंच. 'प्रभाव' हा आपल्या समीक्षेचा आवडता शब्द. केशवसुत आणि इंग्रजी रोमँटिक कवी, मर्ढेकर आणि एलियट या जोड्या आपण इतक्या सवयीने उच्चारतो की त्या सिद्ध करावयाच्या असतात हे विसरतो. एका ओळीचे दुसरीशी साम्य दाखविले की काम झाले असे मानले जाते. कवीने तो ग्रंथ कोणत्या साली, कोणत्या आवृत्तीत, कोणत्या पुस्तकांच्या शेजारी वाचला, हे प्रश्न चौकशीला येत नाहीत. कोलरिजच्या संदर्भात हे प्रश्न विचारून जॉन लिव्हिंग्स्टन लोज याने १९२७ मध्ये 'द रोड टू झॅनडू' लिहिले. कवीची जुनी टिपणवही हाती धरून त्याने प्रवासवर्णनांच्या जंगलातून वाट काढली आणि 'एन्शंट मरिनर' व 'कुब्ला खान' यांतील प्रतिमा कोठून कोठून आल्या ते दाखविले. या पद्धतीला मर्यादा आहेत. तेच ग्रंथ इतरांनीही वाचले होते आणि त्यांना 'कुब्ला खान' सुचली नाही. वाचनाच्या नोंदी कवितेची सामग्री दाखवितील, कविता नव्हे. तरीही लोजचे पुस्तक वाचल्यानंतर साम्यावरून प्रभाव ठरविण्याची आपली रीत फारच आळशी वाटू लागते.

अशी चौकशी करावयाची तर नोंदी टिकल्या पाहिजेत, आणि येथे ग्रंथालयांचा संबंध येतो. आपल्या जुन्या सार्वजनिक वाचनालयांत देवघेवीच्या वह्या असत. सभासदाचे नाव, दाखल क्रमांक, नेल्याची आणि परत केल्याची तारीख. काही वर्षांपूर्वी एका वाचनालयात मी अशा वह्या पाहावयास मागितल्या तेव्हा त्या रद्दीत गेल्याचे समजले. दाखल नोंदवह्या मात्र लेखापरीक्षणासाठी जपून ठेवल्या होत्या. पुस्तक ही मालमत्ता आहे, वाचन ही नव्हे, असा त्याचा अर्थ. सभासदाने काय वाचले हे उघड करणे योग्य नाही, हा आक्षेप मी जाणतो आणि तो मोठा आहे. हयात माणसाचे वाचन ही त्याची खाजगी बाब आहे. पण साठ-सत्तर वर्षांपूर्वीच्या वहीला ते लागू करण्याचे कारण नाही. आणि त्या वह्या खाजगीपणाच्या विचाराने नष्ट झाल्या नाहीत, कपाट रिकामे करण्यासाठी झाल्या.

दुसऱ्यांच्या वह्यांविषयी एवढे लिहिल्यावर स्वतःची दडवून ठेवणे बरे नव्हे. प्रस्तुत लेखक गेली काही वर्षे अशी नोंद ठेवतो. तिला प्रारंभ केला तो बऱ्याच अहंकाराने. आपण पुष्कळ वाचतो असे मला वाटत होते. पहिल्या वर्षाअखेर वही उघडली तेव्हा तिच्यात एकसष्ट नावे होती. त्यांतील एकोणीस प्रस्तावना, परीक्षण किंवा पारितोषिकाचा निर्णय यांसाठी वाचलेली. म्हणजे ती मी निवडलेलीच नव्हती. आठ पूर्वी वाचलेली, वर्गात शिकविण्यासाठी पुन्हा उघडलेली. हे एक वेळ चालेल. त्याच वर्षी एका चर्चासत्रात भारतीय साहित्याच्या एकात्मतेवर मी पाऊण तास बोललो होतो आणि ते भाषण माझ्या मते चांगले झाले होते. वहीत इतर भारतीय भाषांतील पुस्तके चार निघाली. तीन बंगाली, एक हिंदी; चारही मराठी अनुवादातून. तेलुगू, मलयाळम, ओडिया, असमिया यांतील एकही नाही. ज्या कन्नडशी मराठीचा हजार वर्षांचा शेजार आहे तिच्यातीलही एक नाही. भाषणात मी कन्नड लेखकांची नावे घेतली होती, आणि ती सर्व नावे मला इतरांच्या भाषणांतून ठाऊक होती.

यादी नसती तर हे मला कळले नसते, कारण माझी स्मृती माझ्याच बाजूची आहे. दुसऱ्या वर्षी मी कन्नड कादंबऱ्यांचे अनुवाद मिळवून वाचावयास घेतले, आणि वहीत 'चाळले' हा डार्विनचा रकाना वाढविला. 'संपले' आणि 'चाळले' या दोन रकान्यांत पुस्तक टाकताना हात पुष्कळदा अडतो. मागल्या वर्षीच्या पानावर एका जाड अनुवादाचे नाव आधी पहिल्या रकान्यात लिहून नंतर खोडलेले आहे, आणि दुसऱ्या रकान्यात पृष्ठ ११२ पर्यंत, अशी नोंद आहे.